आफ्रिकेची युरोपीय चित्रे : घ्यावीत का, आणि घ्यायची तर काय पाहून?

ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या वडिलांचे बालपण नैरोबीत गेले. त्यांचा मामेभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि त्याने जवळच्या एका लहान लिलावगृहाच्या कॅटलॉगमधील एका तैलचित्राचा फोटो त्यांना पाठवला आहे. चित्रात कैरोतील एक गल्ली आहे, ओट्यावर दोघे बसले आहेत आणि मागे मिनार दिसतो. कॅटलॉगमध्ये ‘प्राच्यवादी शैली (म्हणजे उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले जग युरोपीय चित्रकारांनी रंगवण्याची रीत), एकोणिसावे शतक, चित्रावर सही आहे’ एवढीच नोंद असून अंदाजित किंमत ३,००० ते ५,००० पौंड दिली आहे. चर्चिल यांनी काढलेले माराकेशचे चित्र कोट्यवधींना गेल्याचे त्यांच्या वाचनात आले आहे. गुंतवणूक म्हणून हे चित्र घ्यावे का, असे ते विचारतात. शिवाय, आफ्रिकेतल्या माणसांकडे परक्या सत्तेच्या नजरेने पाहणारी चित्रे घरात लावणे कितपत योग्य, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी बरीच वर्षे लंडनमध्ये आणि नंतर मुंबईत तैलचित्रांची तपासणी आणि मूल्यांकन हेच काम करत आलो आहे. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आफ्रिकेच्या युरोपीय चित्रांचा असा एक बाजार अस्तित्वात नाही. कैरो, अल्जियर्स आणि माराकेशची चित्रे, काँगोत गेलेल्या बेल्जियन चित्रकारांची चित्रे, दक्षिण आफ्रिकेतील युरोपीय वंशाच्या चित्रकारांचे काम, हत्ती-सिंहांची चित्रे आणि युरोपातच रंगवलेली आफ्रिकी माणसांची जुनी व्यक्तिचित्रे, या प्रत्येकाचे गिऱ्हाईक वेगळे आहे आणि त्यांचे भाव वेगवेगळ्या कारणांनी चढतात-उतरतात. एका दालनात चढाओढ चालू असताना शेजारच्या दालनात शुकशुकाट असू शकतो. त्यामुळे ‘बाजार वाढतो आहे, मग घेऊ का’ याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. विचार करायचा तो असा, की आठ-दहा वर्षांनी तुम्ही हे चित्र विकायला काढले तर ते कोण घेईल आणि घेण्यापूर्वी तो त्यात काय शोधेल.

याचे उत्तर माझ्यापुरते पक्के आहे. चित्रात जो देश किंवा जो समाज दिसतो, तिथलीच माणसे आज या चित्रांचा भाव मोठ्या प्रमाणावर ठरवतात. आणि चित्रातली जागा कोणती, माणूस कोण आणि चित्र कोणाकोणाच्या हातून इथवर आले, हे जिथे सांगता येते तिथेच ती मनापासून पैसे मोजतात. हे तिन्ही जिथे अज्ञात आहे, तिथे चित्र कितीही देखणे असले तरी त्याला सजावटीच्या वस्तूचाच भाव येतो.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ही गोष्ट कळणार नाही. १८३२ मध्ये फ्रेंच चित्रकार देलाक्रवा एका फ्रेंच राजदूताबरोबर मोरोक्कोला गेला, परतताना अल्जियर्सला थांबला, आणि त्या प्रवासातल्या टिपणवह्यांवर पुढे आयुष्यभर काम करत राहिला. त्यानंतरच्या अर्धशतकात, आगबोटी सुरू झाल्यावर आणि १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर तर विशेषच, युरोपीय चित्रकारांची उत्तर आफ्रिकेकडे रीघ लागली. इंग्रज चित्रकार जॉन फ्रेडरिक लुईस कैरोत जवळजवळ दहा वर्षे, १८४१ ते १८५१, राहिला. पॅरिसचा जेरोम पुनःपुन्हा इजिप्तला गेला. व्हिएन्नाचे लुडविग डॉइच आणि रुडॉल्फ अर्न्स्ट हे पॅरिसला स्थायिक झाले आणि कैरोहून आणलेली शस्त्रे, कापड, दिवे, फरशा आणि छायाचित्रे समोर ठेवून त्यांनी आपल्या चित्रशाळेतच राजवाड्यांचे पहारेकरी आणि ग्रंथवाचनात गढलेले विद्वान रंगवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसिकांची आवड बदलली आणि ही सगळी चित्रे जुनाट ठरून अडगळीत गेली. १९७० नंतर मात्र तेलाचा पैसा आखातात आला आणि तिथल्या घराण्यांना आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या जगाची रंगीत नोंद कुठे मिळेल, असे वाटू लागले. ती नोंद प्रामुख्याने याच चित्रांत होती. लंडनमध्ये १९७५ मध्ये सुरू झालेली मथाफ गॅलरी या गिऱ्हाइकासाठीच उभी राहिली.

याच सुमारास, १९७८ मध्ये, विचारवंत एडवर्ड सईद यांनी पूर्वेकडे पाहण्याच्या पाश्चात्त्य दृष्टीवर जी टीका केली तिने विद्यापीठांत या चित्रांची प्रतिष्ठा पार उतरवली. एकीकडे पाश्चात्त्य अभ्यासक ही चित्रे नाकारत होते आणि दुसरीकडे अरब, तुर्की, इजिप्शियन आणि मोरोक्कन संग्राहक ती घेत होते. ही दोन्ही माणसे आपापल्या जागी प्रामाणिक होती, असे मी मानतो. अभ्यासक चित्रकाराचा हेतू पाहत होता, तर संग्राहक चित्रातली वस्तू पाहत होता. ज्या गल्लीचा पुढे रस्ता झाला, ज्या दाराची जाळी मोडीत गेली, जो पेहराव आता कोणी करत नाही, ते सगळे त्या कॅनव्हासवर शिल्लक होते.

हा खरेदीदार चित्र कसे पाहतो, हे मी जवळून पाहिले आहे आणि तुम्ही ते लक्षात घ्यावे. कैरोहून आलेला मुरलेला संग्राहक चित्रासमोर उभा राहिला की सहीकडे बऱ्याच उशिरा वळतो. आधी तो मिनाराचे मजले मोजतो, सज्जाखालची दगडी कोरीव नक्षी पाहतो, मशरबिय्या म्हणजे लाकडी जाळीच्या खिडक्या नेमक्या कोणत्या बाजूला आहेत हे पाहतो आणि मग ही गल्ली अमुक मशिदीच्या मागची आहे, असे सांगतो. ऊन कोणत्या दिशेने येते यावरून वेळ ओळखणारेही मी पाहिले आहेत. जाग्यावर बसून केलेले काम आणि पोस्टकार्डावरून उतरवलेले काम यांतला फरक त्यांना कोणत्याही तज्ज्ञाच्या अहवालाआधी कळतो. सामानाच्या आधारे चित्रशाळेत रचलेली डॉइचची चित्रे याला अपवाद ठरतात, कारण तिथे पैसे जागेचे मिळत नाहीत. संगमरवराची झाक, रेशमाची चमक आणि म्यानावरची नक्षी ज्या कसबाने उतरवली आहे त्याचे ते मिळतात. कमी कसबाच्या चित्रकाराला ही सवलत मिळत नाही.

या दालनाची ताकद ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात दिसली. नज्द संग्रह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहातली चाळीस चित्रे तिथे लिलावाला आली आणि एकूण विक्री ३ कोटी ३० लाख पौंडांच्या पुढे गेली. त्याच वर्षी ब्रिटिश म्युझियमने मलेशियाच्या इस्लामिक कला संग्रहालयातील चित्रे घेऊन या विषयावर प्रदर्शन भरवले. कतारच्या राष्ट्रीय संग्रहांतही अशा चित्रांचा मोठा साठा आहे. मात्र हे वैभव वरच्या थरातले आहे. तेलाचे भाव घसरले की मधल्या थरातली चित्रे लिलावात विकली न जाता परत जातात. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्तचा पौंड मोकळा सोडल्यावर त्याची किंमत जवळपास निम्मी झाली, तेव्हा कैरोच्या मध्यमवर्गीय संग्राहकाला लंडनमधली प्रत्येक बोली एका रात्रीत दुप्पट महाग पडू लागली. तुमच्या समोरचे चित्र नेमके याच मधल्या किंवा त्याखालच्या थरातले आहे.

तुम्ही उल्लेख केलेले चर्चिल यांचे चित्र या हिशेबात धरूच नका. जानेवारी १९४३ च्या कासाब्लांका परिषदेनंतर चर्चिल यांनी रूझवेल्ट यांना ॲटलास पर्वतावरचा सूर्यास्त पाहण्यासाठी माराकेशला नेले, तिथला कुतुबिया मशिदीचा मिनार रंगवला आणि ते चित्र त्यांनाच भेट दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चर्चिल यांनी काढलेले ते एकमेव चित्र आहे. मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीजने ते अँजेलिना जोली यांच्या कुटुंबाच्या संग्रहातून विकायला काढले तेव्हा अंदाज १५ ते २५ लाख पौंडांचा होता आणि ते सुमारे ८३ लाख पौंडांना गेले. हे पैसे दोन राष्ट्रनेत्यांच्या मैत्रीचे आणि त्या चित्राच्या मालकांच्या नावांचे आहेत. माराकेशच्या इतर चित्रांचा भाव ठरवायला त्यातून काहीही हाती लागत नाही. माराकेशचा खरा निकष पाहायचा असेल तर फ्रेंच चित्रकार जाक माजोरेल पाहावा, जो त्या शहरात राहिला, ॲटलासच्या डोंगरातली गावे हिंडला आणि ज्याची निळी बाग आजही पर्यटकांनी गजबजलेली असते. मोरोक्कोचे खरेदीदार त्याला आपलाच मानतात. अल्जीरियात फ्रेंच चित्रकार एत्येन दिने याचे स्थान असेच आहे. तो बू-सआदा या वाळवंटाकाठच्या गावी राहिला, १९१३ मध्ये त्याने इस्लाम स्वीकारून नसरुद्दीन हे नाव घेतले आणि त्याचे दफनही तिथेच झाले. त्या गावातले संग्रहालय त्याच्याच नावाचे आहे. चित्रित देशाने चित्रकाराला पदरात घेतले की बाजार किती स्थिर राहतो, हे या दोघांवरून समजते.

सहाराच्या दक्षिणेला गेल्यावर चित्र बरेच बदलते. बेल्जियन चित्रकारांनी काँगोत केलेल्या कामाला आजही मुख्यतः ब्रसेल्सच्याच लिलावांत गिऱ्हाईक मिळते आणि तेही बहुधा ज्यांच्या घरातली मागची पिढी काँगोत नोकरीला होती असे. किन्शासातून त्या कामासाठी बोली क्वचितच येते, म्हणून तिथे मोठ्या वाढीची अपेक्षा मी ठेवत नाही. वन्यजीवांच्या चित्रांचा बाजार वेगळ्याच माणसांचा आहे. जर्मन पूर्व आफ्रिकेत प्रत्यक्ष फिरून सिंह रंगवणारा विल्हेल्म कूनर्ट याची तैलचित्रे सातत्याने चांगल्या भावाने जातात, पण हत्तींसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड शेफर्ड यांच्या सही केलेल्या छापील प्रती बाजारात इतक्या आहेत की त्यांना गुंतवणूक म्हणता येत नाही. केनियाशी तुमचे घरगुती नाते आहे म्हणून सांगतो. तिथल्या अनेक जमातींची पारंपरिक वेशातली व्यक्तिचित्रे जन्माने ऑस्ट्रियन असलेल्या जॉय ॲडमसन यांनी १९४९ पासून पुढे केली आणि त्यांतला मोठा भाग केनियाच्याच राष्ट्रीय संग्रहात आहे. ती बाजारात शोधू नका, नैरोबीला गेलात तर संग्रहालयात आवर्जून पाहा.

दक्षिण आफ्रिकेचा बाजार या सगळ्यांत सर्वांत शिकवणारा आहे. जर्मन-ज्यू आईवडिलांच्या पोटी ट्रान्सवालमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत शिकलेल्या इर्मा स्टर्न १९३९ आणि १९४५ मध्ये झांझिबारला राहिल्या. तिथल्या अरब पुरुषांची त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे आणि त्यांना झांझिबारच्या जुन्या कोरीव दारांच्या लाकडातून बनवलेल्या चौकटी, हे दोन्ही मिळून त्यांचे वैशिष्ट्य बनले. १९४५ चे ‘अरब धर्मगुरू’ हे चित्र २०११ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात ३० लाख पौंडांच्या वर गेले आणि कतारच्या संग्रहालय संस्थेने ते घेतले. खरेदीदार आखातातला, चित्रातला पुरुष अरब, चित्रकार आफ्रिकेतली आणि विक्री लंडनची, असा तो व्यवहार होता. त्यांचेच १९३९ मधले एक अरब पुरुषाचे चित्र लंडनच्या एका सदनिकेत स्वयंपाकघरात चिठ्ठ्या टोचण्याचा फलक म्हणून वापरात होते. पूर्वी ते मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांवरील राजद्रोहाच्या खटल्याच्या बचावासाठी पैसा उभा करायला देणगी म्हणून दिले गेले होते. २०१५ मध्ये ते ८ लाख ४० हजार पौंडांच्या पुढे विकले गेले. त्या देणगीचा इतिहास सांगता आला म्हणूनच त्या चित्राभोवती एवढी चुरस झाली, असे माझे मत आहे. इथे एक सावधगिरी हवी. दक्षिण आफ्रिकेचा १९९९ चा वारसा कायदा अशा कलाकृती देशाबाहेर नेण्यावर परवान्याची अट घालतो, तेव्हा तिथून आलेल्या कोणत्याही जुन्या चित्राबरोबर निर्यात परवान्याचा कागद मागावा.

माणसाची ओळख पटली की चित्राचे काय होते, याची अगदी अलीकडची साक्ष व्हिएन्नाची आहे. एक दांपत्य तिथल्या एका गॅलरीत मळलेले, साध्या चौकटीतले एक चित्र घेऊन आले. मागे व्हिएन्नाचा विख्यात चित्रकार क्लिम्ट याच्या मृत्यूनंतर राहिलेल्या चित्रांवर मारलेला पुसटसा शिक्का होता. १८९७ मध्ये आजच्या घानातील ओसू येथून काही लोकांना व्हिएन्नाला आणून प्राण्यांच्या उद्यानात प्रेक्षकांसमोर ‘खेड्या’त ठेवण्यात आले होते. त्या गटातले राजपुत्र विल्यम नी नॉर्टी डोवुओना यांचे क्लिम्टने काढलेले ते व्यक्तिचित्र असल्याचे संशोधनातून निश्चित झाले. १९३८ मध्ये देश सोडून पळालेल्या ज्यू मालकिणीच्या वारसांशी रीतसर तडजोड झाली आणि मार्च २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कलामेळ्यात त्याला दीड कोटी युरोंची किंमत लावण्यात आली. क्लिम्टचे नाव त्यात अर्थातच सर्वांत मोठे आहे. पण ‘एक आफ्रिकी पुरुष’ एवढ्याच नावाने ते समोर आले असते आणि मालकीच्या साखळीत १९३८ चे भोक तसेच राहिले असते, तर त्या मेळ्यात त्याला उभेही केले नसते. लंडनमध्येही असेच घडले. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या आणि सुटका होऊन इंग्लंडला आलेल्या अयुबा सुलेमान दियालो यांचे विल्यम होअर याने १७३३ मध्ये काढलेले चित्र २००९ मध्ये लिलावात कतारने घेतले, तेव्हा इंग्लंडने त्याची निर्यात रोखली आणि शेवटी ते नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला प्रदर्शनासाठी उसने देण्याचा मार्ग निघाला. ते ज्या माणसाचे चित्र आहे, त्याच्या आयुष्यामुळे दोन देशांना ते हवे होते.

आता अशी चित्रे घरात लावावीत का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. सगळ्या चित्रांना एकच न्याय लावता येत नाही, पण माझ्या कामात मी एक रेघ ओढलेली आहे. गुलामांच्या बाजाराची, लिलावाला उभ्या केलेल्या नग्न स्त्रियांची चित्रे घरगुती संग्रहासाठी घ्या, असा सल्ला मी कोणालाही देत नाही. ती संग्रहालयात, योग्य माहितीसह असावीत. जेरोमचे १८६६ चे गुलामबाजाराचे चित्र २०१९ मध्ये जर्मनीतील एका उजव्या पक्षाने स्थलांतरितांविरुद्धच्या निवडणूक फलकावर छापले आणि मूळ चित्र जपणाऱ्या अमेरिकेतल्या क्लार्क संस्थेला त्याचा निषेध करावा लागला. दीडशे वर्षांपूर्वी रंगवलेली कल्पना आजही माणसांविरुद्ध वापरली जाते, हे डोळ्याआड करून चालणार नाही. बेल्जियमच्या तेर्वुरेन येथील आफ्रिका संग्रहालयाने २०१८ मध्ये नव्याने दारे उघडताना काँगोच्या माणसांना हिंस्र किंवा बालिश दाखवणारे जुने पुतळे एका वेगळ्या दालनात, त्यांची पार्श्वभूमी सांगत ठेवले. तो मार्ग मला पटतो. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०१९ च्या प्रदर्शनात कृष्णवर्णीय मॉडेलची नावे शोधून त्या नावांनी चित्रांची ओळख करून दिली. फ्रेंच चित्रकर्ती बनोआ हिने १८०० मध्ये काढलेले, पूर्वी केवळ वंशाच्या नावाने ओळखले जाणारे चित्र तिथे ‘मादलेनचे व्यक्तिचित्र’ म्हणून लावले गेले. तुमच्या समोरच्या चित्रात ओट्यावर बसलेले दोघे आपल्या नेहमीच्या जगण्यात दिसत असतील, त्यांची टवाळी किंवा विटंबना नसेल, तर ते घरात लावण्यात मला काहीही गैर वाटत नाही. ते कुठे आणि कधीचे आहे हे शोधण्याची जबाबदारी मात्र घेणाऱ्याने घ्यावी.

जाता जाता एक सांगतो. आफ्रिकेवर प्रेम म्हणून पैसे लावायचे असतील, तर आफ्रिकी चित्रकारांचे काम आधी पाहावे. नायजेरियाचे बेन एन्वोन्वू यांनी १९७४ मध्ये काढलेले इफेच्या राजकन्येचे चित्र लंडनच्या एका घरात सापडले आणि २०१८ मध्ये बोनहॅम्समध्ये १२ लाख पौंडांना गेले. त्या बोलीत लागोसच्या खरेदीदारांचा उत्साह सर्वांना दिसला. हा बाजार चित्रित समाजाच्या स्वतःच्या जोरावर वाढतो आहे आणि त्याचा पाया मला अधिक भक्कम वाटतो.

आता प्रत्यक्ष तुमचे चित्र. ‘प्राच्यवादी शैली’ या नोंदीचा अर्थ लिलावगृहाला चित्रकार माहीत नाही, एवढाच घ्यावा. सहीबद्दल मूळ इंग्रजी नोंदीत नेमके शब्द काय आहेत ते मामेभावाला पाहायला सांगा, कारण ‘साइन्ड’ लिहिले असेल तर सही चित्रकाराची आहे असे लिलावगृहाचे मत आहे, आणि ‘बेअर्स सिग्नेचर’ लिहिले असेल तर ती दुसऱ्या कोणाच्या हातची असावी असे त्यांना वाटते. पूर्ण कॅटलॉगच्या अटींत हे छापलेले असते आणि बहुतेक लोक ते वाचत नाहीत.

त्यानंतर चित्र उलटे करून पाहायला हवे. मागच्या लाकडी पट्ट्यांवर रंगसामान विकणाऱ्या दुकानाचा शिक्का असेल तर त्यावरच्या पत्त्यावरून कॅनव्हास साधारण कधीचा ते काढता येते, कारण ही दुकाने जागा बदलत आणि त्याच्या नोंदी उपलब्ध आहेत. काळ्या शाईने ठोकलेले अक्षर-आकड्यांचे साचे हे जुन्या लिलावांचे क्रमांक असतात आणि त्यांवरून मोठ्या लिलावगृहांच्या दप्तरात पूर्वीची विक्री शोधता येते. खिळ्यांची भोके जुनी आहेत की नवी, कॅनव्हासला मागून दुसरे कापड चिकटवले आहे का, हेही पाहावे. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरावा. जुने वॉर्निश हिरवट धुक्यासारखे उजळते आणि नंतर केलेले रंगकाम त्यावर काळपट डागांसारखे उठून दिसते. सही जर वॉर्निशच्या वर तरंगताना दिसली, किंवा जुन्या भेगांमध्ये तिचा रंग उतरलेला दिसला, तर ती नंतर घातलेली आहे. पांढऱ्या रंगात टायटॅनियम आढळले तर चित्र एकोणिसाव्या शतकातले असणे शक्य नाही, कारण तो रंग चित्रकारांच्या हाती १९२० च्या सुमारास आला. मात्र तो मूळ थरात आहे की नंतरच्या दुरुस्तीत, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ३,००० पौंडांच्या चित्रासाठी प्रयोगशाळेचा खर्च परवडत नाही. अतिनील दिवा मात्र स्वस्त आहे, आणि बहुतेक लिलावगृहे विचारल्यावर त्या दिव्याखालचे फोटो पाठवतात.

पैशांचा हिशेब स्वतंत्रपणे करावा. हातोडी ४,००० पौंडांवर पडली, म्हणजे शेवटची बोली तेवढी झाली, असे समजा. खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क २५ टक्के आणि त्या शुल्कावर २० टक्के व्हॅट धरला तर तुमच्या खिशातून ५,२०० पौंड जातात. पुढे विकताना १५ टक्के कमिशन आणि त्यावरचा व्हॅट वजा झाला की हातोडीच्या किमतीतले ८२ टक्के तुमच्या हाती येतात. म्हणजे वाहतूक, विमा आणि दुरुस्ती यांचा एक पैसाही न धरता, केवळ मुद्दल परत मिळण्यासाठी चित्र सुमारे ६,३५० पौंडांना जायला हवे. जवळजवळ साठ टक्के वाढ झाल्यावर तुम्ही जिथून निघालात तिथे पोहोचता. अनाम चित्रकाराच्या कैरोच्या गल्लीला तेवढी वाढ मिळताना मी फार क्वचित पाहिली आहे. चित्रकार ओळखला गेला तर ती मिळते, आणि ती ओळख पटवण्याची चिकाटी तुमच्यात आहे का, यावर बरेच अवलंबून आहे.

चित्र कुठे ठेवणार, यावरही निर्णय बदलतो. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे पैसे पाठवण्याची अडचण नाही. पण चित्र भारतात आणले की सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो. शिवाय आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. तिच्यापलीकडचे चित्र पुन्हा परदेशात विक्रीला नेताना पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून आणण्याआधीच त्या विषयातल्या वकिलाला विचारावे. पुढे विकण्याचा हेतू असेल तर चित्र लेस्टरलाच मामेभावाच्या घरी राहू द्या. ठाण्यात आणून लावायचे असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. त्या काळातल्या पुष्कळ चित्रांना मागून पिठाच्या आणि सरसाच्या खळीने दुसरे कापड चिकटवलेले असते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती खळ ओलावा ओढते, कापड फुगते, बुरशी धरते आणि पुढचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागतो. बाहेरच्या भिंतीवर असे चित्र कधीही लावू नये. जुनी युरोपीय तैलचित्रे आपल्या हवेत कशी सांभाळतात हे पाहायचे असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी दिलेला संग्रह आहे. तिथे एक सकाळ घालवल्याने चित्राचा पृष्ठभाग कसा वाचावा, हे फोटोंपेक्षा खूप चांगले समजेल.

थोड्या पैशांत या विषयात पाऊल टाकायचे असेल तर माझी पसंती डेव्हिड रॉबर्ट्सच्या शिळाछापांना आहे. १८३८-३९ मध्ये त्याने इजिप्त आणि नुबियाचा प्रवास केला आणि त्याच्या रेखाटनांवरून लुई हाग याने छपाईच्या दगडावर रेखाटलेली चित्रे १८४६ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झाली. अबू सिंबेल आणि फिली इथली प्राचीन मंदिरे आणि कैरोच्या मशिदी त्यांत आहेत. प्रत्येक पानावर जागेचे नाव आहे, चित्रकार नक्की आहे आणि काही पाने काहीशे पौंडांत मिळतात. घेताना दहापट मोठे दाखवणारे भिंग वापरावे. अस्सल छाप खडूने घासल्यासारखा अनियमित कणांचा दिसतो, तर अलीकडच्या छपाईत रंगीत ठिपक्यांच्या फुलासारख्या आवळलेल्या रचना दिसतात. १८५५-५६ ची लहान आकाराची आवृत्तीही अस्सल आहे, पण तिचा भाव पुष्कळ कमी असतो आणि विक्रेते कधीकधी ती पहिल्या आवृत्तीची म्हणून दाखवतात, म्हणून पानाचे माप आधी विचारावे.

तेव्हा मामेभावाने लिलावाआधी लिलावगृहाकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात: स्थितीचा अहवाल, मागच्या बाजूचा पूर्ण फोटो, अतिनील दिव्याखालचा फोटो आणि चित्र त्यांच्याकडे कोणत्या घरातून आले याची जेवढी देता येईल तेवढी माहिती. चारही आल्या, मिनार खऱ्या मशिदीशी जुळला आणि सही मूळ थरातली निघाली, तर हातोडीच्या ३,५०० पौंडांपर्यंत बोली लावण्यास माझी हरकत नाही, पण ते पैसे अडकून पडले तरी चालतील अशा तयारीनेच. यांपैकी एक जरी गोष्ट आली नाही तर हे चित्र सोडून द्यावे. कैरोच्या गल्ल्यांची चित्रे इंग्लंडच्या लहान लिलावगृहांत पुन्हा येतच राहतात.